पायरी कोणाची?

आपल्या भाषेंत ‘पायरी’ हा शब्द दगडी टप्प्यास लावतात, तसाच तो माणसाच्या योग्यतेसही लावतात. ‘आपली पायरी ओळखून राहावें’ हा उपदेश आम्हीं लहानपणीं पुष्कळदां ऐकला. पण ती पायरी कोणीं ठरविली, हें विचारावयाचें आम्हांस सुचलें नाहीं. परवां पुण्यांत ओंकारेश्वराजवळ मुठेच्या घाटावर उभे असतां हा प्रश्न मनांत आला. दगडांच्या सांध्यांतून गवत माजलें होतें, खालच्या पायऱ्या गाळानें झांकल्या होत्या, आणि पलीकडे नदीच्या पात्रांतील खांबांवरून २०२३ सालीं सुरू झालेली मेट्रो भरधांव जात होती. घाटाकडे कोणाचेंच लक्ष नव्हतें.

एके काळीं हा घाट म्हणजे पेठेचें अंगण होतें. कसबा, शनिवार, नारायण या पेठांतील वाटा नदीकडे उतरत. स्नानसंध्या, धुणें, श्राद्ध आणि गांवची वार्ता या सर्वांस ठिकाण एकच. पुढें पाणी माणसाकडे येऊं लागलें. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकांत कात्रजहून नळ आणून शहरांत हौद भरले. इंग्रजी अमदानींत खडकवासल्याचें धरण झालें. नंतर घरोघर तोट्या आल्या. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें आणि नदीकांठची कित्येक घरें वाहून गेलीं. घाट ओस पडला, यांत कोणाचा अपराध नाहीं. डोक्यावरचा हंडा उतरला, याचें दुःख तो कधीं न वाहिलेल्यानेंच करावें.

येथपर्यंत आल्यावर गतकाळासाठीं एक उसासा टाकावयाचा, अशी निबंधकारांची वहिवाट आहे. आमच्यानें तो टाकवत नाहीं. ज्यास आपण सार्वजनिक म्हणतों, तें खरोखर सर्वांचें होतें काय? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलास १९२३ सालीं करावा लागला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर आपल्या हजारों बांधवांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले; त्याबद्दल लोकांनीं मार खाल्ला. पुण्यांतही १९२९ सालीं पर्वतीच्या देवळासाठीं सत्याग्रह झाला, तेव्हां सत्याग्रह्यांवर दगड पडले. दगडाची पायरी आणि माणसाची पायरी एकाच हातानें रचली होती.

२६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेनें विहिरी, तलाव, रस्ते यांबरोबर स्नानाचे घाटही नांव घेऊन सर्वांस मोकळे केले. आतां विलक्षण गोष्ट पाहा. पायरी कांहींची होती, तोंवर ती झाडली गेली. ती सर्वांची झाली, आणि कोणाचीच राहिली नाहीं. ॲरिस्टॉटल म्हणतो, कीं जें पुष्कळांचें सामाईक, त्याची निगा सर्वांत कमी. परंतु जुना घाटही पुष्कळांचाच होता. तरी त्याची निगा होई, कारण त्या पुष्कळांस ‘आपण’ म्हणतां येत होतें. कायद्यानें घाट मोकळा झाला. आपलें ‘आपण’ मात्र होतें तेवढेंच राहिलें.

यावर कोणी म्हणेल, घाट सुटला तो तोटीमुळें, समतेमुळें नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. पण जाण्याचें कारण वेगळें आणि न परतण्याची बेफिकिरी वेगळी. देवघरांतील समईस विजेच्या दिव्यानंतर कोणता उपयोग उरला? तरी ती आपण घांसतों, कारण ती आपली आहे. आपल्या दाराबाहेरची पायरी तशी कां वाटत नाहीं, याचें उत्तर ज्यानें त्यानें स्वतःच्या मनास द्यावें. आम्हीं तें देऊन पाहिलें, आणि आम्हांस लाज वाटली.

म्हणून घाट राखावयाचा तो पूर्ववैभवाचें स्मारक म्हणून नव्हे. ज्यांस तेथें उतरूं दिलें नाहीं, त्यांच्या शेजारीं बसावयास जागा हवी, म्हणून. सर्वांच्या मालकीची एक पायरी सर्वांनीं मिळून झाडणें, हें काम दिसावयास लहान आहे. परंतु तें झाल्यावांचून समता कागदावरून खालीं उतरली असें म्हणवत नाहीं. निघतांना आम्हीं वांकून वरच्या पायरीवरचा पाला हातानें बाजूस केला. खालीं पुष्कळ पायऱ्या उरल्या होत्या.