निकस जमिनीची बाजू

पीट मॉस कुंडीत भरण्याआधी तपासावं लागतं आणि गरज पडली तर धुवावं लागतं. दवबिंदूसारखी कीटकभक्षी झाडं वाढवणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला सल्ला हाच मिळेल. मूठभर पीट काचेच्या भांड्यात घ्यायचं आणि त्यावर डिस्टिल्ड वॉटर ओतायचं. सुकं पीट पाण्याला जुमानत नाही, तरंगत राहतं. हाताने कुस्करून भिजवावं लागतं. रात्रभर ठेवून सकाळी त्या चहासारख्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवायचा. आरओ विकायला येणारे लोक जो पेनासारखा मीटर दाखवून आपल्याला नळाच्या पाण्याबद्दल घाबरवतात, तोच. आकडा 50 पीपीएमच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर पीट पिळायचं, नवं पाणी घालायचं, पुन्हा मोजायचं. कधी तीनदा, कधी पाचदा.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. म्हणजे जे पाणी आपण निर्धास्त पितो, ते रोज घातलं तर कुंडीत क्षार साठत जातात आणि हे झाड हळूहळू मरतं. खत घातलं तर लवकर मरतं. बाजारातल्या बऱ्याच पिशव्यांत खत आणि चुना आधीच मिसळलेला असतो, इतर झाडांच्या भल्यासाठी. म्हणून ही सगळी धुलाई.

दवबिंदू ज्या जमिनीत घडला तिथे नायट्रोजन, फॉस्फरस जवळजवळ नसतात. ते तो पानांवरच्या चिकट थेंबांत अडकलेल्या चिलटांकडून मिळवतो. मुळांचं मुख्य काम पाणी ओढणं. डार्विनने 1875 मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यासाठी या पानांवर मांसाच्या तुकड्यांपासून अमोनियाच्या क्षारांपर्यंत काय काय ठेवून पाहिलं. पानाला दिलेलं चालतं. मुळाला दिलेलं सोसत नाही.

मला यात अडकायला होतं ते आपल्या भाषेमुळे. पानात जेवण घालणं आणि मोठं होणं, दोन्हीला मराठीत ‘वाढणं’ हे एकच क्रियापद आहे. आपली माया घालण्यातून व्यक्त होते: तुळशीला पाणी, पाहुण्याला आग्रहाची पोळी, फोनवर पहिला प्रश्न ‘जेवलीस का?’. आणि ज्या जमिनीकडे द्यायला काही नाही तिला आपण ‘निकस’ म्हणतो, जणू तिचं काहीतरी चुकलंय. ‘आपल्याला जे हवंसं वाटतं ते दुसऱ्यालाही द्यावं’ हा नियम लहानपणापासून नीतीचा पाया म्हणून शिकवला जातो. दवबिंदूच्या कुंडीपाशी तो नियम सरळसरळ घातक ठरतो. कुणी म्हणेल, प्रत्येक झाडाची गरज वेगळी, यात तत्त्वज्ञान कसलं? पण कमी ऊन, जास्त पाणी हे फरक प्रमाणाचे झाले. इथे गरज आहे ती नसण्याचीच, आणि नसणं ही कुणाची गरज असू शकते हे आपल्याला सहज सुचत नाही. सुचत नाही म्हणून आपण ते ‘दुरुस्त’ करायला निघतो.

मीटरबद्दलही एक सांगायला हवं. तो पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. कोणते क्षार, ते सांगत नाही. शिवाय पीटला कॅल्शियमसारखे आयन धरून ठेवायची सवय असते. खत पाण्याबरोबर निघून जातं, चुन्यातलं कॅल्शियम पुष्कळसं आतच चिकटून राहतं. म्हणजे आकडा कळतो तो सुटलेल्याचा.

पीट कुठून आलं हे तर कुठल्याच मीटरवर दिसत नाही. कॅनडा, बाल्टिक देश इथल्या दलदलींमध्ये स्फॅग्नम शेवाळ मरतं, ऑक्सिजनअभावी कुजत नाही, थरावर थर बसतात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. माझी कुंडी 15 सेंटिमीटर खोल आहे. ढोबळ हिशेबाने दीडशे वर्षं. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भागावर अशा पीटभूमी आहेत आणि त्यांत सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. चर खणून पाणी काढलं की तो हवेत जायला लागतो. ब्रिटनमध्ये 2022 साली सरकारने जाहीर केलं की इंग्लंडमध्ये हौशी बागकामासाठी पीट विकणं 2024 पर्यंत बंद करू. मुदत उलटली, कायदा झाला नाही. अर्थात बागकाम हा त्या नासाडीतला लहान वाटा आहे. मोठा वाटा दलदली कोरड्या करून त्यांची शेती करण्याचा, म्हणजे निकस जागा सुपीक करण्याचा.

हे परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही, कारण आपला दवबिंदू जिथे उगवतो तिथेही हेच चाललंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात काळे कातळ असतात. पावसात त्यावरच्या वीतभर पाण्यात, बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात, दवबिंदू चमकतात. दोघंही कीटकभक्षी, दोघांनाही ही उपाशी जमीनच मानवते. कागदोपत्री यातली बरीच जमीन पडीक. तिथे सुरुंग लावून खड्डे करतात, बाहेरून माती आणून भरतात आणि हापूसची कलमं लावतात.

बागायतदाराला मी काय शहाणपण शिकवणार? त्याचं घर त्या कलमांवर चालतं, आणि मे महिन्यात पेटी मीही मागवते. पण ‘पडीक’ या शब्दाशी माझं भांडण आहे. सड्यावर काय आहे ते आधी मांडावं आणि मग कलमं लावायची की नाही ते ठरवावं, असं झालं तर तो निर्णय तरी म्हणता येईल. पडीक म्हटलं की निर्णय घ्यावाच लागत नाही. तिथे काही नव्हतंच, मग गमावलं काय?

माझ्या कुंडीपुरतं मी इतकंच करते. झाड सड्यावरून उपटलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतली जात आहे, बियांपासून केलेली. पीटची नवी पिशवी आणत नाही, जुनंच धुऊन पुन्हा वापरते. धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं, त्याला त्या क्षारांचं वावडं नाही. या जूनमध्ये एका कुंडीत कोकोपीट घालून पाहणार आहे. नारळाच्या सोडणात मूळचंच मीठ असतं, त्यामुळे ते पीटपेक्षा जास्त वेळा धुवावं लागेल. आरओच्या एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, तेव्हा ते नको. गच्चीवर बादल्या लावल्या की पावसाचं पाणी पुरेल, निदान सप्टेंबरपर्यंत.