काळजीच्या आडून

अकरावी-बारावीच्या वयात जुळलेल्या नात्यात छळ शिरतो तो बहुधा काळजीच्या वाटेने. क्लास सुटल्यावर आलेला ‘पोचलीस का?’ हा मेसेज कुणालाही सुखावतो. काही आठवड्यांनी त्याची जागा ‘रात्री साडेबाराला कुणासाठी ऑनलाइन होतीस?’ हा प्रश्न घेतो. मग लाइव्ह लोकेशन सतत चालू ठेवण्याचा हट्ट सुरू होतो, इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागितला जातो, वर्गातल्या अमक्याशी बोलायचे नाही असे बजावले जाते. सोळा वर्षांच्या मुलीला यात प्रेमाचा पुरावाच दिसतो. हक्क गाजवणाऱ्या नायकाला खरा प्रेमी ठरवणारे चित्रपट पाहतच ती वाढलेली असते.

भांडण, रुसवे आणि मत्सर तर प्रत्येक नात्यात असतात. छळ ओळखायचा तो भीतीवरून. फोन वाजताच मुलगी जेवता जेवता ताटावरून उठते, उत्तराला पाच मिनिटे उशीर झाला तर तिचा चेहरा उतरतो, गॅदरिंगच्या नाचातून ती आपले नाव काढून घेते आणि कारण सांगत नाही. मुलगेही या छळाला बळी पडतात. मित्र हसतील म्हणून ते गप्प राहतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये जोडीदाराचा मार सोसणाऱ्या स्त्रियांच्या अनुभवांवरून हिंसेचे चक्र मांडले: ताण साचतो, स्फोट होतो, मग माफी आणि लाडीगोडी. पहिल्या प्रेमात हा तिसरा टप्पा सर्वाधिक फसवा. ताडून पाहायला आधीचे नातेच नसते आणि रडून माफी मागणारा मुलगा त्या क्षणी कित्येकदा खराच असतो. ‘सोडून गेलीस तर जिवाचं बरंवाईट करून घेईन’ ही धमकी कधीही हलक्यात घेऊ नये. पण तो भार तिने एकटीने वाहायचा नसतो. त्याच्या घरच्यांना लगेच कळवायला हवे.

या छळाला खरे बळ मिळते ते घरातूनच. ‘तुझ्या पप्पांना फोटो दाखवीन’ या एका वाक्यावर महिनोन्महिने मुलीला नाचवता येते, कारण घरात कळले तर कॉलेज बंद होईल, फोन जाईल, लग्न उरकले जाईल, हे तिला पक्के ठाऊक असते. प्रेमात पडणे हाच जिथे गुन्हा ठरतो, तिथे खरा गुन्हा सांगायला तोंडच उरत नाही. ‘तू काही चूक केलेली नाहीस’ हे आईवडिलांचे पहिले वाक्य असेल, तरच पुढचे सारे बाहेर येते.

कायदा मुलीच्या बाजूने आहे. नकार दिल्यावरही पाठलाग करणे किंवा मुलीच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. अठरा वर्षांखालील मुलांचे अश्लील फोटो बाळगणे वा पसरवणे यावर २०१२ चा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, दोन्ही लागू होतात. धमकीचे मेसेज रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, तेच पुरावा ठरतात. नाते तोडताना धोका वाढतो, म्हणून ‘शेवटचं एकदाच भेट’ या विनवणीला भुलून एकटीने जाऊ नये. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास मोफत चालते. मैत्रिणीसाठी म्हणूनही तिथे फोन करता येतो.