गाडीने काय वाईट केलंय?

गेल्या पावसाळ्यात बाबांनी गाडीची किल्ली हरवली. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर, गर्दीत खिशातून पडली असावी असा त्यांचा अंदाज. दुसरी किल्ली घरात होती, त्यामुळे गाडी अडली नाही. पण एकाच किल्लीवर गाडी ठेवायची नाही हा बाबांचा नियम. म्हणून मी नवी किल्ली करून आणायला निघालो आणि तीन आठवडे त्यातच अडकलो.

आमची गाडी ज्या कंपनीची आहे तिने भारतात गाड्या बनवणं काही वर्षांपूर्वी बंद केलं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण गोष्ट त्या एका कंपनीची नाही. हल्लीची किल्ली म्हणजे नुसतं लोखंडाचं पातं नसतं. तिच्या आत एक चिप असते, गाडीच्या कॉम्प्युटरला तिची ओळख करून द्यावी लागते, आणि ती ओळख करून देण्याचा अधिकार कंपनीच्या सिस्टिमकडे असतो. आमच्या जवळचं सर्व्हिस सेंटर बंद झालं होतं. पुढचं पार घोडबंदर रोडला. तिथे अर्ज भरला, आरसीची झेरॉक्स दिली, "वरून उत्तर आलं की कळवतो" हे दोनदा ऐकलं. शेवटी उल्हासनगरच्या एका किल्लीवाल्याने लॅपटॉप आणि एक केबल लावून वीस मिनिटांत काम करून दिलं.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "बाबा, आता विकून टाकू या ही. पार्ट मिळणार नाहीत, भाव रोज उतरतोय. जी कंपनी आपल्याला सोडून गेली, तिची गाडी आपण का सांभाळायची?"

बाबा म्हणाले, "कंपनी गेली. गाडीने काय वाईट केलंय?"

मला तेव्हा हे नेहमीचं मध्यमवर्गीय उत्तर वाटलं. जुना फ्रिज न टाकण्यामागे असतं तसलं. पण नंतर लक्षात आलं, की मी कंपनी आणि गाडी एकच धरून चाललो होतो आणि बाबा तसं धरत नव्हते. 'ब्रँडशी निष्ठा' म्हणतो तेव्हा ती नेमकी कुणाशी असते? कारखाना बंद झाल्यावर त्यातलं काय उरतं? उरावं का?

हा प्रश्न विचारायला डोंबिवलीसारखी जागा नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर 'प्रीमियर मैदान' आहे. राजकीय सभांच्या बातम्यांत ते नाव येतं. माझ्या वयाच्या अनेकांना हे प्रीमियर कोण, हे ठाऊक नसतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, ती ही. तिचा मूळ कारखाना कुर्ल्याला. तिथे आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि पुढे फियाट ११०० चीच प्रीमियर पद्मिनी झाली. कागदावर नाव बदललं तरी मुंबई-ठाण्याच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली. १९९०च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर भागीदारी केली आणि प्यूजो ३०९ ही गाडी इथे, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात बनू लागली. कामगारांचा संघर्ष, भागीदारांमधले मतभेद, खपाची चणचण, सगळं एकत्र आलं आणि १९९७ साली प्यूजो निघून गेली.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे काका त्या कारखान्यात असेंब्लीला होते. मला वाटायचं, यांच्याकडे तरी ती गाडी असेल, निदान तिच्याबद्दल काही हळवेपण असेल. काकांकडे मारुती आहे. आधीचीही मारुतीच होती. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला ती ३०९ घ्यावीशी नाही वाटली?" ते हसले. "घेऊन काय करू? पार्ट कोण देणार?" मग थोडं थांबून म्हणाले, "नट नीट आवळला की नाही हे गिऱ्हाइकाला कधीच कळणार नसतं रे. आपल्याला कळतं. मी तेवढं बघायचो."

ज्या माणसाला त्या ब्रँडबद्दल सगळ्यात जास्त आपुलकी वाटायला हवी असं मी धरून चाललो होतो, त्याला ती अजिबात नव्हती. आपण आवळलेल्या नटबद्दल मात्र होती. पंचवीसेक वर्षांनंतरही.

मुळात ज्याला आपण जुन्या काळची ब्रँडनिष्ठा म्हणतो, ती कितपत निष्ठा होती? लायसन्स राजच्या काळात भारतात मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मग जी मिळेल ती लोक पंधरा-वीस वर्षं वापरत आणि पुढे तिच्याबद्दल प्रेमाने बोलत. १९८३च्या डिसेंबरमध्ये पहिली मारुती ८०० आली आणि काही वर्षांतच बहुतेकांची निष्ठा विरघळली. जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९०८ साली निष्ठेवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्याची एक अट अशी, की निष्ठा स्वेच्छेने दिलेली असावी. दुसरा पर्यायच नसताना आपण जिथे थांबतो, त्याला त्याच्या हिशोबाने निष्ठा म्हणता येणार नाही. नाइलाज म्हणता येईल, फार तर सवय.

रॉइसचा आणखी एक मुद्दा आहे. निष्ठा एखाद्या कार्याशी असते, आणि ते कार्य माणसांना एकमेकांशी बांधणारं असतं. त्या अर्थाने ब्रँड हे काय आहे? २०१४ साली अ‍ॅम्बेसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला. तीन वर्षांनी 'अ‍ॅम्बेसेडर' हे नाव ८० कोटी रुपयांना विकलं गेलं. नुसतं नाव. घेणारी कंपनी कोण? प्यूजो. तीच, जी डोंबिवलीहून गेली होती. ते नाव लावलेली एकही नवी गाडी अजून बाजारात आलेली नाही. पुढे २०२१ च्या जानेवारीत प्यूजोचा समूह आणि फियाटचा समूह एकत्र येऊन स्टेलँटिस नावाची एकच कंपनी झाली. म्हणजे प्रीमियरचे दोन जुने परदेशी भागीदार, ज्यांपैकी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावं ठेवणारे लोक इथे असतील, ते आज एकाच छपराखाली आहेत. जी वस्तू अशी विकता येते, कपाटात ठेवता येते, तिच्याशी निष्ठा ठेवायची म्हणजे ज्याच्या हाती कागद जाईल त्याच्याशी ठेवायची. असं कोणी करत नाही, आणि करू नये.

कंपनीच्या बाजूनेही न्याय करायला हवा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. तोट्यातला कारखाना चालवत राहणं हे कुणाचंही नैतिक कर्तव्य नाही. आपणच त्यांच्या गाड्या पुरेशा घेतल्या नाहीत. शोरूममध्ये उभं राहून 'मायलेज किती?' आणि 'रिसेल काय?' एवढंच विचारलं. ज्याने निष्ठा दिलीच नाही, त्याने ती मागण्यात अर्थ नाही.

मग बाबांच्या वाक्यात मला अडखळायला काय झालं?

मी पद्मिनीकडे परत जातो. तिचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. तरीही मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये. कंपनीने ती बनवणं सोडल्यावर दोन दशकं हजारो टॅक्सीवाल्यांनी पोट त्या गाडीवर चालवलं. हे कसं जमलं? तिचा कार्ब्युरेटर कोणीही उघडू शकत होता. तुटलेली पट्टी लेथवर बनत होती. एका भंगार गाडीचा गिअरबॉक्स दुसरीत बसत होता. सगळ्या मेकॅनिकना ती पाठ होती, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. वयाची मर्यादा आली हे बरंच झालं. त्या धुराची किंमत टॅक्सीत न बसणारेही मोजत होते, आणि प्रेम जुनं असलं म्हणून दुसऱ्याच्या फुप्फुसांवर हक्क मिळत नाही. पण ती मर्यादा सरकारने, सगळ्यांचा विचार करून घातली. कंपनीच्या कुठल्याशा सर्व्हरने नाही.

आमच्या गाडीचं तसं नाही. तिचं इंजिन मजबूत आहे, पत्रा चांगला आहे. पण ती किल्ली ओळखेल का, याचा निर्णय गाडीत आणि डोंबिवलीत होत नाही. कंपनी जाताना कारखाना विकून गेली, नाव घेऊन गेली, ते तिचंच होतं. पण आमच्या मालकीच्या वस्तूचा एक तुकडाही घेऊन गेली. उल्हासनगरच्या किल्लीवाल्याने तो चोरवाटेने परत आणून दिला. त्याने केलं ते कंपनीच्या नियमांत बसत नसणार. त्या तीन आठवड्यांत आमच्या गाडीशी इमानाने वागलेला माणूस मात्र तोच.

हे सगळं मी इतक्या ठामपणे लिहितोय, तर माझंही सांगायला हवं. मी सॉफ्टवेअर बनवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमने एक प्रॉडक्ट बंद केलं. छोट्या दवाखान्यांसाठीचं, पेशंटच्या नोंदी ठेवायचं. गिऱ्हाइकं कमी, खर्च जास्त, निर्णय बरोबर होता. 'अमुक तारखेनंतर सपोर्ट मिळणार नाही' या मेलचा मसुदा मी केला होता. नम्र, स्वच्छ, तीन परिच्छेदांचा. त्यावर एका डॉक्टरांचं उत्तर आलं. तक्रार नव्हती. एवढंच विचारलं होतं, की आमच्या नोंदी दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येतील अशा स्वरूपात मिळतील का. आम्ही पीडीएफ दिल्या. नोंदी नीट बाहेर काढून देणारा प्रोग्रॅम लिहायला मला दोन दिवस लागले असते. तो आमच्या नियोजनात नव्हता, आणि मी विचारलंही नाही.

काकांच्या भाषेत सांगायचं तर तो नट मी आवळला नाही. गिऱ्हाइकाला कळणार नव्हतं. मला कळत होतं.

तेव्हा आता मला जे वाटतं ते असं. वस्तू विकणाऱ्याने कायम थांबावं अशी अपेक्षा चूक आहे. पण जाताना त्याने मागे ठेवलेल्या वस्तू त्याच्याशिवाय जगू शकतील अशी सोय करून जावं, ही अपेक्षा चूक नाही. सुट्या भागांचे नकाशे, दुरुस्तीची माहिती, किल्ली ओळखायची मुभा, नोंदी बाहेर काढायची वाट. यात दया-माया काही नाही. घेताना जे पूर्ण विकलं, ते जाताना पूर्ण देऊन जाणं, एवढंच. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारींचाही समावेश आहे. पोर्टलवर माहिती देणं ही अजून बरीचशी कंपनीच्या मर्जीची बाब आहे, आणि जी कंपनी निघूनच चालली तिची मर्जी कितीशी असणार? म्हणून हे मर्जीवर सोडू नये.

आणि निष्ठा? ती नावाशी नसते. ती आधी वस्तू नीट बनवणाऱ्या हातांशी असते आणि नंतर ती चालू ठेवणाऱ्या हातांशी. कारखाना असेपर्यंत हे सगळं एका बिल्ल्याखाली एकत्र दिसतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की आपण बिल्ल्यावर प्रेम करतो. कारखाना गेला की धागे सुटे होतात. त्यातला कुठला धरून ठेवायचा, हे तेव्हा खरं स्वेच्छेने ठरवता येतं. रॉइसची अट पहिल्यांदा तिथे पुरी होते.

गाडी आम्ही विकलेली नाही. पंधरा वर्षांची होईल तेव्हा फिटनेस काय म्हणतो ते बघू. धूर सोडायला लागली तर बाबाही ऐकतील. नवी किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. आणि त्या डॉक्टरांना मी गेल्या महिन्यात मेल लिहिला, नोंदी अजून हव्या आहेत का म्हणून. उत्तर आलं, दोघींनी बसून हाताने भरून घेतल्या, चार महिने लागले, आठवण ठेवल्याबद्दल धन्यवाद.