गणपतीच्या आदल्या संध्याकाळी

2013 सालची 12 एप्रिलची सकाळ. पाडव्याची गुढी उतरून एकच रात्र झाली होती. बाजार उघडायच्या सुमारास इन्फोसिसचे तिमाही निकाल आले. नफा जवळपास 2,400 कोटी रुपये, आदल्या वर्षीच्या तिमाहीपेक्षा थोडा जास्तच. पण पुढच्या वर्षी डॉलरमधली मिळकत 6 ते 10 टक्केच वाढेल, असं कंपनी म्हणाली आणि दिवसभरात शेअर सुमारे 21 टक्क्यांनी आपटला. हातात पडलेल्या नफ्याची कुणी विचारपूससुद्धा केली नाही. काल पोटभर जेवलात ना? बरं. उद्या चुलीवर काय चढणार, ते सांगा.

आकड्यांवरचा वाद फार दिवस आकड्यांवर राहत नाही, तो माणसांवर येतो. 1 जूनला निवृत्त संस्थापक नारायण मूर्ती परत आले, वर्षाला एक रुपया पगारावर. पुढच्या वर्षी विशाल सिक्का आले. कंपनी चालवायला संस्थापकांबाहेरचा माणूस प्रथमच आला होता. मग सकाळच्या फेरीनंतर बागेतल्या बाकावर नवा विषय: बाहेरचा माणूस घर सांभाळेल का? निकाल चांगला आला की सांभाळेल, वाईट आला की ‘मी म्हटलंच होतं’!

संस्थापकांशी बिनसलं आणि 18 ऑगस्ट 2017 ला सिक्कांनी राजीनामा दिला. एका दिवसात शेअर जवळपास दहा टक्के खाली. सहा दिवसांनी, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, संस्थापकांपैकीच एक नंदन निलेकणी अध्यक्ष म्हणून परतल्याची बातमी आली. चतुर्थीला बाजार बंद, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी शेअर वर.

या दहा दिवसांत हिंजवडीतल्या इंजिनिअरच्या टेबलावरचं काम तेच होतं, ग्राहकही तेच. माझ्याकडे तर कंपनीचा एकही शेअर नव्हता. तरी ती बातमी ऐकून हायसं वाटलं, मुलगा सणाला घरी पोचल्यावर वाटतं तसं. मोदकाचं सारण ढवळता ढवळता स्वतःचंच हसू आलं. उद्याचं काही दिसेना की ओळखीचा चेहरा बघून जीव भांड्यात पडतो. गुंतवणूकदार त्यालाच ‘नेतृत्वावरचा विश्वास’ म्हणत असावेत.

पण चेहरा ओळखीचा व्हायलाही काळ जावा लागतो. 1981 मध्ये पुण्यात सात जणांनी सुरू केलेली ही कंपनी, सुधा मूर्तींनी साठवलेल्या 10,000 रुपयांच्या भांडवलावर. फेब्रुवारी 1993 मध्ये ती 95 रुपयांना शेअर घेऊन लोकांपुढे आली, तर भागविक्री पुरती भरलीसुद्धा नाही. मॉर्गन स्टॅनलीने 13 टक्के हिस्सा उचलला, तेव्हा निभावलं. त्या वेळीही कंपनीत हेच मूर्ती होते, हेच निलेकणी. अर्ज हातात घेऊन कित्येकांनी शेजाऱ्याला विचारलं असेल, ‘‘हे कोण हो?’’