गळती नेमकी कुठे आहे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळी लिहिण्याची सेवा माझ्याकडे आली आहे. मी काही प्रवचनकार नाही. मागच्या महिन्यात देवासच्या सत्संगाला जाताना जे घडलं, तेच सांगते.

आमची गाडी सासऱ्यांनी १९९८ साली घेतलेली. ह्यांचा तिच्यावर फार जीव. गेलं वर्षभर तिचं पाणी कमी होत होतं. हे दर रविवारी बॉनेट उघडायचे, पाणी घालायचे आणि म्हणायचे, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच." धार ते देवास म्हणजे इंदूरवरून साधारण शंभर किलोमीटर. घाटाबिल्लोद, बेटमा, इंदूर सगळं नीट पार पडलं. क्षिप्रेचा पूल ओलांडला आणि काटा लाल रेघेवर गेला. बॉनेटमधून वाफ!

हे उतरले आणि थेट रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. नशीब, शेजारी थांबलेला ट्रकवाला ओरडला, "बाबूजी, हाथ मत लगाना!" आपल्या कुकरचंच उदाहरण घ्या ना. वाफ कोंडलेली असताना झाकण काढतो का आपण? इंजिनातलं पाणीही दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब सुटतो आणि ते एकदम उसळून तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो, गाडी गार झाली, पाणी घातलं आणि हळूहळू देवास गाठलं. गाडी मिस्त्रीकडे सोडली आणि रात्री सत्संगाच्या हॉलवर मुक्काम केला.

आता खरं सांगते. त्या गॅरेजपासून दहा मिनिटांवर माझ्या धाकट्या जाऊबाईंचं घर आहे. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. रोज सकाळी मी तिला गुरुदेवांचा सुविचार पाठवायची, ती हात जोडल्याचं चित्र पाठवायची. बस, तेवढंच. घर दहा मिनिटांवर असून मी हॉलमध्ये सतरंजीवर झोपले, पण फोन केला नाही.

मिस्त्रीने रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाकून ठेवला होता. सकाळी पाहिलं तर पुठ्ठा कोरडाच. हे खूश, "बघा, गळत नाहीये!" मिस्त्री हसला. म्हणाला, गार गाडी गळती दाखवत नाही. इंजिन तापतं, आत दाब चढतो, तेव्हा गळतं. आणि थेंब तापलेल्या लोखंडावर पडून तिथेच वाळतो, जमिनीपर्यंत येतच नाही. मागे राहतो तो नुसता पांढरा-हिरवट डाग. त्याने इतरही जागा तपासल्या. पायाखालची मॅट ओली नव्हती, म्हणजे आतला हीटर ठीक. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस नव्हता, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, म्हणजे इंजिनाच्या आतलं गॅस्केट शाबूत. गळती बाहेरच कुठेतरी होती.

मग त्याने रेडिएटरच्या तोंडाला एक हातपंप लावला आणि झाकणावर लिहिलेला असतो तेवढा दाब भरला. गाडी बंद, इंजिन गार, तरी काटा हळूहळू उतरू लागला. खालच्या रबरी पाइपाच्या कोपऱ्याला एक थेंब लोंबकळला. हे म्हणाले, "सापडली! पाइप बदला." मिस्त्री म्हणाला, "साहब, जहाँ टपकता है, वहाँ से लीक नहीं होता." थेंब घरंगळत येतो, पंख्याच्या वाऱ्याने उडून भलतीकडे जातो. ओल जिथे सगळ्यात वर सुरू होते, ती खरी जागा. त्याने बॅटरी लावून ओलीच्या मागे मागे वर जायला सुरुवात केली आणि वॉटर पंपापाशी पोचला.

पंपाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. ते बनवतानाच ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की तिथून ठिबकावं आणि मालकाला वेळेवर कळावं, एवढ्यासाठी. आमच्या गाडीत ते भोक पूर्वी कुणीतरी लांबी भरून बंद केलं होतं! सूचना बंद केली, दोष तसाच राहिला. मिस्त्री म्हणाला, असं केलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि अख्खा पंप जातो. त्यात वर्षभर आम्ही बोअरचं पाणी घातलेलं, त्याने आत गंज आणि क्षार धरलेले.

मी तिथे स्टुलावर बसले होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळीच सत्संगात ऐकलं होतं की साधना देवघरात नाही, तापल्यावर कळते. जपाला बसलेली मी म्हणजे गार गाडी. पुठ्ठा कोरडा! मला वाटायचं, माझ्या मनात आता कुणाबद्दल काही नाही. पण देवासचं नुसतं नाव निघालं की छातीत दाब चढायचा. आणि रोजचा सुविचार? ते वरून पाणी घालणंच होतं.

मग मीही ओलीच्या मागे वर गेले. सगळ्यांना वाटतं, आमचं भांडण सासूबाईंच्या पाटल्यांवरून झालं. तो फक्त लोंबकळणारा थेंब. त्याच्या वर होतं तेराव्याच्या दिवशीचं एक वाक्य. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या, सगळं मी केलं आणि जाऊबाई पाहुण्यांसमोर म्हणाली, "वहिनींना काय, सवयच आहे." ते लागलं. पण अजून वर गेले तेव्हा झिजलेलं सील दिसलं, आणि ते माझंच होतं. सेवा करताना मी आत हिशोबाची वही ठेवली होती. कुणीतरी चार माणसांत कौतुक करावं, याची वाट पाहत होते. निष्काम कर्मावर वर्गात मी दहा वेळा बोलले असेन, आणि माझी सेवा मात्र अपेक्षेच्या भोकातून गळत होती.

देवासच्या टेकरीवर बडी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. लोक सांगतात, या दोघी बहिणींचं एकदा बिनसलं. एक पाताळात निघाली, दुसरी टेकरी सोडून चालली. हनुमानजी आणि भैरवबाबांनी विनवलं तेव्हा दोघी होत्या तिथे थांबल्या. देवींनाही कुणीतरी थांबवावं लागलं. मला त्या दिवशी मिस्त्रीने थांबवलं असं समजते.

मी फोन लावला. ती म्हणाली, "वहिनी, कुठे आहात? चहा टाकते." घरी गेल्यावर मी ते वाक्य सांगितलं. तिला ते आठवतही नव्हतं. चार वर्षं मी जे धरून बसले, ते तिच्याकडे नव्हतंच! पाटल्यांचा विषय निघाला नाही. निघेल तेव्हा गार डोक्याने बोलू.

*या आठवड्याची साधना:*
१. मी कुठे नुसतं वरून पाणी घालते आहे?
२. मी तापले की थेंब कुठे दिसतो? आणि ओल वर कुठपर्यंत जाते?
३. मनाचं सूचना देणारं भोक मी बुजवलं आहे का?
उत्तर कुणाला पाठवू नका. गुरुदेवांच्या फोटोसमोर बसून स्वतःलाच सांगा. समोरचा तापलेला असेल, तर झाकण लगेच उघडू नका.

आणि ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी: कूलंट सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. ते चवीला गोड पण विषारी असतं, मुकी जनावरं चाटतात.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

जय गुरुदेव 🙏
आपली एक सेवेकरी भगिनी, धार