मुलावर हात उगारण्याचा अधिकार

मुलाला वळण लावण्यासाठी आईबापांनी त्याला मारावे का, ही ज्याच्या त्याच्या घरातली बाब आहे असे आपण समजतो. मुळात हा धर्माचा प्रश्न आहे. दुसऱ्या जिवाला जाणूनबुजून दुखवण्याची मुभा कोणाला आणि कशाच्या बळावर मिळते, हे त्यात ठरते. मनुस्मृतीने आपल्या परीने त्याचे उत्तर दिले आहे. कोणावरही दंड उगारू नये असे तिचा चौथा अध्याय सांगतो आणि तिथेच पुत्र व शिष्य यांना वगळतो. आठव्या अध्यायात बायको, मुलगा, दास आणि सख्खा भाऊ यांना चुकीबद्दल दोरीने किंवा वेळूच्या कांबीने मारायची परवानगी आहे. मात्र मार पाठीवर बसावा, डोक्यावर नाही. ही यादी एकदा नीट पाहावी. बायकोला, भावाला किंवा नोकराला मारणे हा आपला धर्म आहे, असे आज कोणी उघडपणे म्हणू धजणार नाही. शिष्याला 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने संरक्षण दिले. यादीत उरले ते घरातले मूल, म्हणजे त्या सगळ्यांत दुबळे.

आपल्या परंपरेत दुसरे उत्तरही आहे, आणि ते एका बापानेच दिलेले आहे. मज्झिमनिकायात बुद्ध आपल्या मुलाला, राहुलाला, खोटे बोलण्याविषयी समजावतात. भांड्यात थोडे पाणी ठेवून ते त्याला दाखवतात, मग ते फेकून देतात, मग भांडे पालथे करतात. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज नाही, त्याचे साधुपण असेच रिकामे, एवढे ते सांगतात. त्यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. कोणतीही कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तिने आपल्याला किंवा दुसऱ्याला पीडा होते का, हे स्वतःशी तपासून पाहा, असे ते राहुलाला सांगतात. अशोकाने भाब्रू येथील लेखात भिक्षूंनी आणि उपासकांनीही ऐकावीत अशी जी मोजकी वचने नोंदवली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे. इथे परीक्षक मुलाच्या आत बसवला आहे. माराने हे होत नाही. मार खाल्लेले मूल शिकते ते मारणाऱ्याला ओळखायला: तो कधी घरी असतो, काय पाहिले की चिडतो, काय लपवले की सुटका होते. बाप घराबाहेर पडला की त्या शिकवणीचा धाकही त्याच्याबरोबर बाहेर पडतो.

यावर मराठी वाचक ‘श्यामची आई’ पुढे करील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. पोहायला भिऊन लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि विहिरीवर धाडते. पुढे तोच श्याम तिचे ऋण सांगतो. पण मारल्यानंतर ती माउली स्वतः कळवळते, त्याला जवळ घेते, लोकांनी तुला भित्रा म्हणू नये म्हणून मी हे केले असे सांगते. श्यामच्या मनात जे रुजले, ते या कळवळ्यामुळे आणि कारण सांगितल्यामुळे. त्याच पुस्तकात, आंघोळीनंतर पायाला घाण लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामसाठी आई आपले लुगडे पसरते आणि मनालाही घाण लागू देऊ नको असे सांगते. त्या गोष्टीत शिंपटी कुठेच नाही, आणि शिकवण मात्र आयुष्यभराची आहे.

‘आम्हीही मार खाल्ला, आमचे काय बिघडले?’ हा दुसरा आक्षेप. अनेकांचे काही बिघडले नाही, हे खरेच आहे. पण ते मारामुळे सुधारले, हे त्यावरून ठरत नाही. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये सुमारे 1 लाख 60 हजार मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मुलांना चापट्या मारण्याचा संबंध त्यांना अधिक आक्रमकतेशी, मनाच्या तक्रारींशी आणि आईबापांशी बिघडलेल्या नात्याशी आढळला. द्वाड मुलालाच जास्त मार बसत असेल, तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, अशी शंका इथे घेता येते, आणि ती रास्त आहे. तरीही माराने मूल सुधारते हा दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायला हवा, आणि या आढाव्यात तो मिळत नाही.

न मारणे म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. दोन वर्षांचे मूल पेटत्या शेगडीकडे धावले, तर त्याला धरून मागे ओढावेच लागते. तिथे विवेकाची वाट पाहता येत नाही. पण ते रक्षण झाले, शिक्षा नव्हे. नाही म्हणणे, म्हटलेले पाळणे आणि मूल रडले तरी ढळू नये एवढा धीर धरणे, हे हात उगारण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. दिवसभर कामाने पिचलेल्या आईबापांकडे तेवढे त्राण उरत नाही, हेही खरे. त्यांची दमणूक मी समजू शकतो. पण त्या दमणुकीला संस्काराचे नाव देणे मला मान्य नाही. स्वीडनने 1979 मध्ये घरातली मारहाणही कायद्याने बंद केली. आपल्याकडे ती बंदी अजून शाळेच्या दारापाशीच थांबलेली आहे.