घराचे मस्तक कोण?

आपल्या आजी-आजोबांच्या काळी लग्न जुळवणे हे वडीलधाऱ्यांचे काम होते. घर कसे आहे, वाडी किती आहे, विहिरीला पाणी आहे का, माणसे बरी आहेत का, हे पाहून बोलणी व्हायची. मुलाला विचारले जाई. मुलीला बहुधा कळवले जाई. आज चित्र अगदी वेगळे आहे. मुलगा आणि मुलगी कॉलेजात, ऑफिसात, युवक संघटनेत किंवा मोबाइलवर एकमेकांना भेटतात, वर्ष-दोन वर्षे ओळख वाढवतात आणि मग घरी सांगतात. कांदेपोहे झालेच, तर प्रश्न विचारणारी मुलगी असते आणि उत्तरे देताना घाम पुसणारा मुलगा असतो.

यावर आपल्याकडे दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. वडीलमंडळी म्हणतात, "हल्लीच्या मुली ऐकत नाहीत, म्हणून घरे मोडतात." तरुण मुली म्हणतात, "आम्ही कमावतो, मग आम्हीच का ऐकायचे?" दोन्ही बाजू शेवटी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. घरात शेवटचा शब्द कोणाचा? प्रिय बंधुभगिनींनो, या प्रश्नाचा आपल्या श्रद्धेच्या प्रकाशात शांतपणे विचार करू या.

प्रथम वडीलमंडळींचे म्हणणे नीट समजून घेऊ. ते केवळ हट्टाने बोलत नाहीत. एका होडीला दोन तांडेल चालत नाहीत, हा त्यांचा अनुभव आहे. शिवाय त्यांच्या हाती पवित्र शास्त्राचा आधार असतो. संत पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पतीला पत्नीचे मस्तक म्हटले आहे. लग्नाच्या मिस्सात हे वाचन आपण अनेकदा ऐकले आहे. ते वाचताना बाकावरच्या काही पुरुषांची मान ताठ होते आणि काही मुलींच्या कपाळाला आठ्या पडतात.

पण हे वाचन जिथून सुरू होते, तिथूनच ते वाचले पाहिजे. बायकांना उद्देशून काही सांगण्याआधी, एकविसाव्या ओवीत, संत पौल सर्वांनाच ख्रिस्ताच्या आदरापोटी एकमेकांच्या अधीन राहायला सांगतो. पुढे पतीला तो ख्रिस्ताची उपमा देतो. ख्रिस्त ख्रिस्तसभेचा मस्तक कसा झाला? हुकूम सोडून नव्हे, तर तिच्यासाठी क्रुसावर प्राण देऊन. म्हणजे ज्याला मस्तक व्हायचे आहे, त्याच्यापुढे संत पौलाने खुर्ची नाही, क्रूस ठेवला आहे. 'तू माझे ऐक' हे सिद्ध करण्यासाठी जो नवरा या वाचनाचा आधार घेतो, त्याने ते अर्धेच वाचलेले असते.

ख्रिस्तसभेलाही हा अर्थ उलगडत जायला वेळ लागला. पोप अकरावे पायस यांनी १९३० साली विवाहावरील परिपत्रकात पतीला कुटुंबाचे मस्तक आणि पत्नीला हृदय म्हटले होते. त्या काळात ती भाषा सर्वांना सहज वाटत होती. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली विवाहाकडे जीवन आणि प्रेम यांची जिव्हाळ्याची भागी म्हणून पाहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयीच्या प्रेषितीय पत्रात स्पष्ट केले, की अधीनता ही एकतर्फी नसून परस्परांची आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबातील प्रेमावर लिहिताना हीच शिकवण पुढे नेली. १९८३ च्या कॅनन लॉमध्येही वैवाहिक जीवनाच्या बाबतीत पती आणि पत्नी यांना समान हक्क आणि समान कर्तव्ये दिलेली आहेत. तेव्हा 'समानता हे बाहेरून आलेले खूळ आहे' असे कोणी म्हटले, तर ते खरे नाही. ते आपल्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीत आहे.

मुळात पुरुषाची सत्ता आली कुठून? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव नर आणि नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपाप्रमाणे निर्माण करतो. दुसऱ्या अध्यायात स्त्रीला पुरुषाची साहाय्यक म्हटले आहे. 'साहाय्यक' म्हणजे हाताखालचे माणूस, असे आपण समजतो. पण त्याच मूळ हिब्रू शब्दाने स्तोत्रकर्ता आपल्याला साहाय्य करणाऱ्या परमेश्वराविषयी बोलतो. परमेश्वर काही आपल्या हाताखाली नाही! पती पत्नीवर सत्ता चालवील, हे वाक्य तिसऱ्या अध्यायात, पापानंतर येते. ती देवाची मूळ योजना नव्हती. योजना बिघडल्याचा तो परिणाम होता. जे पापाने आले, ते परंपरा म्हणून जपण्याचे आपल्याला कारण नाही.

आता संमतीचा प्रश्न घेऊ. इसहाकासाठी वधू शोधायला गेलेल्या सेवकाची कथा उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात आहे. सगळी बोलणी झाल्यावर घरचे लोक रिबेकेला बोलावून विचारतात, की तू या माणसाबरोबर जाशील का? ती स्वतः होकार देते. ख्रिस्तसभेने हा धागा सोडला नाही. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ साली धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर विवाह झालाच पाहिजे असे ठरवले. परंतु आई-वडिलांची संमती नसली तर विवाहच होत नाही, ही मागणी तिने मान्य केली नाही. आजही विवाह संस्कार धर्मगुरू देत नाहीत. वधू आणि वर तो एकमेकांना देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची संमती स्वीकारतात. ही संमती दबावाखाली किंवा भीतीपोटी दिलेली असेल, तर तो विवाहच ठरत नाही.

याचा अर्थ असा, की 'हो' म्हणण्याला किंमत तेव्हाच आहे, जेव्हा 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे. ही गोष्ट लग्नाआधीच्या मैत्रीलाही लागू पडते. मुलीने नकार दिला म्हणजे आपला अपमान झाला, असे समजून तिचा पाठलाग करणारा, तिचे फोटो पसरवण्याची धमकी देणारा मुलगा प्रेम करत नाही. तो मालकी सांगत असतो. आपण मुलींना 'सांभाळून राहा' असे शंभर वेळा सांगतो. मुलांना 'नकार ऐकून घ्यायला शीक' असे एकदा तरी सांगतो का? मुलींवरही जबाबदारी आहे. मनात नसताना एखाद्याला वर्षभर आशेवर ठेवणे, त्याच्या भेटवस्तू घेत राहणे आणि 'चांगले स्थळ' आल्यावर फोन बंद करणे, हाही दुसऱ्या माणसाचा वापरच आहे.

शुद्धतेच्या बाबतीत तर आपल्याकडे दोन मापे आहेत. तोच प्रकार मुलाने केला तर 'वय असते', मुलीने केला तर 'घराण्याला काळिमा'. योहानाच्या शुभवर्तमानातील आठवा अध्याय आठवा. व्यभिचार करताना धरलेल्या स्त्रीला लोक प्रभूपुढे आणतात. ती एकटी तर व्यभिचार करत नव्हती. मग पुरुष कुठे होता? मोशेच्या नियमशास्त्रानुसार दोघेही दोषी होते. प्रभू येशूने त्या स्त्रीच्या पापाला पाप म्हणायचे सोडले नाही, पण दगड घेतलेल्या हातांनाही त्याने स्वतःकडे पाहायला लावले. देवाची आज्ञा मुलग्यांसाठी वेगळी आणि मुलींसाठी वेगळी नाही.

ही दोन मापे कायद्यातही होती. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद २००१ साली दुरुस्ती होऊन गेला. घटस्फोट आपल्या श्रद्धेला मान्य नाही, हे खरेच. पण अन्यायाचे माप १३० वर्षे दोघांना वेगवेगळे होते आणि त्याची आपल्याला फारशी खंत वाटली नाही, हेही खरे आहे. याउलट १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तेव्हा, ख्रिस्ती मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा दिला आहे. तरी किती घरांत लग्न झालेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सहीसाठी ठेवला जातो! 'माहेर हवे असेल तर सही कर,' हे कोणी तोंडाने बोलत नाही. पण तिला ते ऐकू येते. ती खुशीने सोडत असेल तर प्रश्न नाही. पण तिला नाही म्हणता येईल का, हे भावाने मनाला विचारावे.

घरकामाचे पाहा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे. लोकलच्या गर्दीत दोघेही उभे राहून येतात. घरी आल्यावर एक जण टीव्हीसमोर बसतो आणि दुसरी पदर खोचते. पगार आणणारी सून सर्वांना हवी असते, पण तिच्या पगाराबरोबर तिचा थकवाही घरात येतो, हे कोणाला नको असते.

मात्र दुसऱ्या बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. अन्याय टाळण्याच्या नादात काही तरुण जोडपी संसाराची खातेवही उघडतात. तुझा पगार तुझा, माझा माझा. आज भांडी मी घासली, उद्या तू. तुझ्या आईकडे दोन दिवस, तर माझ्या आईकडेही दोनच. हिशेब चोख असतो, पण घरात दोन भाडेकरू राहत असल्यासारखे वाटते. शिवाय दोघांनाही जुन्यातले सोयीचे आणि नव्यातले सोयीचे, दोन्ही हवे असते. मुलाला कमावती बायको हवी आणि गरम भाकरीही हवी. मुलीला समानता हवी, पण नवऱ्याचा पगार आपल्यापेक्षा जास्तच हवा. स्वतःचे घर हवे, त्यात सासू-सासरे मात्र नकोत. हे समानतेसाठी नाही, सोयीसाठी भांडणे झाले. हिशेबाने अन्याय थोडा कमी होईल. प्रेम मात्र वाढणार नाही. मूल तापाने फणफणते, नोकरी जाते, अर्धांगवायूने एक जण अंथरुणाला खिळतो, तेव्हा निम्मे-निम्मे कसे करणार?

मग शेवटचा शब्द कोणाचा? समजा, नवऱ्याला आखाती देशात नोकरी मिळते आणि बायकोची इथे शाळेत कायमची नोकरी आहे. किंवा तिला बढतीवर पुण्याला जायचे आहे आणि त्याची आई आजारी आहे. अशा वेळी 'पुरुष म्हणतो ते खरे' हे उत्तर नाही. 'जास्त कमावतो त्याचे खरे' हेही नाही. ती तर जुनीच सत्ता, फक्त पैशाच्या हाती गेलेली. एक साधी वाट सुचवावीशी वाटते. त्या निर्णयाची किंमत ज्याला जास्त मोजावी लागणार आहे, त्याचे म्हणणे आधी आणि पूर्ण ऐकावे. मग दोघांनी एकत्र प्रार्थना करावी. घाई नसेल तर थांबावे. आणि आज एकाने माघार घेतली असेल, तर दुसऱ्याने ते विसरू नये. पुढच्या वेळी आपली पाळी आहे, हे ओळखावे. दर वेळी एकच माणूस माघार घेत असेल, तर त्याला प्रेम म्हणू नये.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एकमेकांच्या अधीन राहणे म्हणजे मार खाणे नव्हे. 'क्रूस समजून सहन कर' असे सांगून मारहाण होणाऱ्या मुलीला परत पाठवणे, हा प्रभूच्या क्रुसाचा गैरवापर आहे. जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा कॅनन लॉ देतो आणि काही प्रसंगी असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली लिहिले आहे. देशात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही आहे. शेजारच्या घरातला आवाज ऐकून आपण खिडकी लावून घेऊ नये.

ज्या घरांत मुलगे वाढत आहेत, तिथून सुरुवात होऊ शकते. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःचे ताट उचलावे, बहिणीच्या शिक्षणाइतकाच खर्च आपल्यावर होतो हे त्याला दिसावे, वडील आईला विचारून निर्णय घेतात हे त्याने पाहावे. विवाहपूर्व शिबिराला जाणाऱ्या तरुणांनी हॉल आणि बँड ठरवण्याआधी एकमेकांना विचारावे: आई-वडील आजारी पडले तर काय? मूल झाल्यावर नोकरीचे काय? आणि मी तुला नाही म्हटले, तर तू काय करशील?

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने अंगावरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते काम तेव्हा घरातल्या चाकराचे होते. त्याने आपले गुरूपण नाकारले नाही. गुरूपण कसे असते, ते दाखवले. संत योसेफाला मरियेची उघड बदनामी करण्याची वाट मोकळी होती. त्याने ती धरली नाही. आणि देवाचा शब्द ऐकल्यावर स्वतः ठरवलेलेही त्याने बदलले. नाझरेथच्या त्या घरात मस्तक कोण, यावर वाद झाल्याचे आपण कुठे वाचत नाही.

आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक पती-पत्नीला आणि संसाराची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीला एकमेकांपुढे वाकण्याचे बळ प्रभू देवो, हीच प्रार्थना.